समासातले त्रेसष्ट शेरे

"हे घ्या बाबा, यात मामांची कादंबरी घातलीय," म्हणत मुलाने ई-रीडर वडिलांच्या हातात दिला. "साडेसात तासांचा प्रवास आहे, गाडीतच संपवा. आणि आईचा निरोप आहे, उद्याच्या भाषणात एकही वाकडा शब्द नको."

"मी कधी वाकडं बोलतो?" वडील म्हणाले.

मुलाने बॅग सीटखाली सरकवली. शहाणा होता.

छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना तिथे सगळे 'लालपेन्सिल' म्हणत, आणि ते नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं होतं. पाच वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर हॉलमध्ये निमंत्रणपत्रिकेतल्या सतरा चुका काढून दाखवल्या. झालं! मेहुण्यांनी चार वर्षं या घराची पायरी चढली नाही, आणि त्या चार वर्षांत बायकोने लालपेन्सिलना जे जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. आता कुठे सगळं सुरळीत झालं होतं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या मेहुण्यांनी चक्क कादंबरी लिहिली होती, उद्या तिचं प्रकाशन होतं आणि मुख्य भाषण लालपेन्सिलनी करायचं होतं. बायको तयारीसाठी दोन दिवस आधीच भावाकडे जाऊन बसली होती. प्रुफं मात्र मेहुण्यांनी खबरदारी म्हणून दुसऱ्याच कुणाकडून तपासून घेतली होती.

गाडी सुटली. नवव्या पानावर नायिका खिडकीशी उभी राहिली. एकतिसाव्या पानावरही ती तिथेच होती. लालपेन्सिलची बोटं शिवशिवू लागली. शेरा मारल्याशिवाय वाचायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"यात समासात लिहायची काही सोय असते का हो?" त्यांनी समोरच्या सीटवरच्या गणवेशातल्या नर्सबाईंना विचारलं. त्याही असल्याच यंत्रात डोकं घालून बसल्या होत्या.

"असते की. ओळीवर बोट दाबून धरा, चौकोन उघडेल."

"दुसऱ्या कुणाला दिसत नाही ना?"

"छे हो! तुमच्या खात्यात राहतं. तुमचं तुम्हाला."

मग काय विचारता! लालपेन्सिल नवव्या पानावर परत गेले आणि लिहिलं, "बसवा कुणीतरी हिला." एकतिसाव्यावर, "पाय दुखत नाहीत का?" पुढे, "धरणाची माहिती सलग सहा पानं. वाचक बुडाला." त्याच्याही पुढे, "हे वाक्य सुरू झालं तेव्हा मागचं स्टेशन होतं." एकशे अठराव्या पानावर तर ते सीटवरच उडाले. तिथे त्यांनी लिहिलं, "नायकाचे वडील चाळिसाव्या पानावर वारले होते. आता पुन्हा कसे वारले?" निवृत्तीनंतर इतका मजेत दिवस गेला नव्हता. दुपारपर्यंत शेरे त्रेसष्ट झाले. चहासुद्धा घ्यायचा राहिला.

मग धरणाच्या भानगडीतला एक शब्द अडला. नर्सबाईंचं स्टेशन अर्ध्या तासावर होतं. त्या म्हणाल्या, "अर्थ बघायला नेट लागतं. थांबा, माझ्या फोनचं जोडून देते." जोडलं, अर्थ सापडला, आणि स्टेशन येताच बाई उतरून गेल्या. लालपेन्सिल पुन्हा पहिल्या शेऱ्यावर कौतुकाने नजर टाकायला गेले, तर त्याच्याखाली आणखी एक ओळ उमटलेली.

"अहो, हे काय लिहून ठेवलंय? सगळ्यांना दिसतंय!"

 लालपेन्सिलनी आपल्या साध्या, बिननेटच्या फोनवरून मुलाला गाठलं.

"अरे, तुझी आई पुस्तकात कशी शिरली?"

"एकच खातं आहे ना बाबा आपलं. मामा, मामी, मावश्या, झाडून सगळ्यांना जोडलंय मी त्याच्यावर. नेट मिळालं की इकडचं तिकडे जातं." मग त्याने सावधपणे विचारलं, "तुम्ही काही लिहिलंत का?"

लालपेन्सिलनी फोन ठेवला. बायकोला फोन करायची छाती होईना, म्हणून बाई अजून फलाटावर होत्या तोवर त्यांच्याच नेटवर लालपेन्सिलनी समासातच लिहिलं, "दादांना दाखवू नकोस."

उत्तर लगेच आलं. "दादानेच मला दाखवलं. आतल्या खोलीत दार लावून बसलाय. या तुम्ही, बघते."

शेरे पुसायचे कसे हे सांगणारी बाई तर उतरून गेलेली. लालपेन्सिलनी शेजाऱ्याकडून हातापाया पडून नेट मिळवलं आणि स्तुतीचा सपाटा लावला. "वा!" "अप्रतिम!" "डोळे भरून आले." घाईत हे शेवटचं 'सर्व हक्क लेखकाकडे' या ओळीवर पडलं.

"आता थट्टापण करताय?" बायकोने खाली विचारलं.

उतरायचं स्टेशन आलं तेव्हा त्यांना वाटत होतं, गाडी अशीच पुढे गेली तर बरं. फलाटावर मेहुणे स्वतः उभे होते. त्यांनी बॅग उचलली, बाहेर नेऊन मोटारीत ठेवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"त्रेसष्ट," ते म्हणाले.

"दादा, माझं चुकलं. उद्याचं भाषण तुम्ही दुसऱ्या कुणाला..."

"ऐका भाऊजी. त्या यंत्रात कोण कुठल्या पानावर थांबलंय तेही दिसतं. दार लावून तेच बघत होतो. घरातल्या नऊ जणांनी मला तोंडावर सांगितलं, एका बैठकीत संपवली म्हणून. माझी बायको सहाव्या पानावर आहे. तुमची अकराव्या. ती तर म्हणाली होती, शेवट वाचून रडले!" मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढला. "माझ्या नायकाचा बाप दोनदा मेला आणि एका माणसाला पत्ता नाही. तुम्ही एकटे पोचलात तिथपर्यंत. एकट्याने वाचलंत हो माझं पुस्तक!"

लालपेन्सिलनाही भरून आलं, आणि या वेळी खरोखरच आलं. त्यांनी मेहुण्यांचा हात घट्ट धरला.

"म्हणजे राग नाही ना?"

"राग कसला! दुसरा भाग लिहून तयार आहे, याच्या दुप्पट," मेहुण्यांनी डोळे पुसून गाडी सुरू केली. "आता यंत्राबिंत्राची भानगड नको. दर रविवारी सकाळी मी स्वतः कागद घेऊन येतो तुमच्याकडे, संध्याकाळपर्यंत थांबतो. तुम्ही वाचा, मी समोर बसतो."