उरलेल्या अर्ध्या कपाचा तपास

"माझी नजर घारीची, तर्क तलवारीचा आणि मौन हिमालयाचं आहे," असं तात्याराव म्हणाले, आणि त्यानंतर हिमालय पाऊण तास बोलत होता. "चौतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले. माणूस खरोखर मेलाय की नाही, हे मी नुसत्या सहीवरून ओळखायचो."

"मेलेल्या माणसाच्या सहीवरून?" मी विचारलं.

"हेच ते तुमचं, बाळ. वाचन अफाट, पण दृष्टी नाही. लिहा."

मी लिहिलं. या हकिकतीची सुरुवात अशीच व्हावी, ही त्यांची अट होती.

माझं नाव बाळ. वय बाहत्तर. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा पुढचा विचार केला नसावा. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली, त्यामुळे हळू बोलायची सवय आहे, आणि आपण म्हणतो ते बरोबर असेल असं मला सहसा वाटत नाही. तात्याराव कोथरूडला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना स्वतःबद्दल अशी शंका कधीच आलेली नाही. म्हणून आमचं जमतं.

प्रकरण असं. माझी पत्नी नीरजा एक्केचाळीस वर्षं रोज चार वाजता कॉफी करायची. दूध, साखर, जायफळ घालून, उकळून. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कॉफी माझ्याकडे आली. मी मोठा मग काठोकाठ भरून तिच्या हातात देतो. ती म्हणते, "छान झालीय." आणि अर्धी तशीच ठेवते.

रोज. मी पावडर बदलली, दूध बदललं, साखर मोजून घातली. रोज "छान झालीय", रोज अर्धा मग. तिच्या आयुष्यातली चार वाजताची एक गोष्ट मी बिघडवली, हे मला झोपाळ्यावर बसल्या बसल्या टोचत राहायचं. तिला थेट विचारावं, तर ती पुन्हा "छान झालीय" म्हणणार.

कॅनडाहून आमोदने, आमच्या मुलाने, उपाय सांगितला. "बाबा, ऑटोमॅटिक मशीन घ्या. वरून बिया टाका, बटण दाबा. ते दळतं, गाळतं, कपात ओततं. तुम्हाला काही करायचंच नाही." मी काही केलं नाही तर कॉफी चांगली होईल, हे मला पटलं. त्याने तीन मशीन सुचवली. तिन्हींची माहितीपत्रकं मी समासात टिपणं काढत वाचली आणि शेवटी तिन्ही सारखीच उत्तम किंवा तिन्ही सारखीच संशयास्पद वाटू लागली. तेव्हा मी तात्यारावांकडे गेलो. हा माझा निर्णय होता, कबूल करतो.

"मशीन नंतर," तात्याराव म्हणाले. "आधी गुन्हा. वहिनी अर्धी कॉफी का टाकतात, ते कळलं की कोणतं मशीन ते आपोआप कळेल."

हे वाक्य बरोबर होतं. त्यांच्या तपासातलं तेवढंच.

पहिला संशय पाण्यावर गेला. "खडकवासल्याचं पाणी, बाळ! जडपणा!" त्यांनी एक बाटली माझ्या नळाची आणि एक स्वतःच्या नळाची भरली, उजेडात धरली आणि दोन्हींमधला फरक मला समजावून सांगितला. आमच्या दोघांचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीतून येतं, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच फरक एवढा सूक्ष्म आहे."

दुसरा संशय भयंकर होता. "वहिनी पोट अर्धं रिकामं का ठेवतात? कारण दुसरीकडे पितात! दुसऱ्या मजल्यावरच्या हेमाबाईंकडे."

"अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या."

"लिफ्ट आहे."

"मंगळवारी लिफ्ट बंद होती. तरी अर्धीच उरली."

"मंगळवारचं आत्ता काढू नका."

तात्याराव चार दिवस दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पेपर धरून बसले. तिसऱ्या दिवशी हेमाबाईंनी दार उघडून विचारलं, "भाऊजी, तुमच्या घरी पंखा बंद आहे का?" आणि चहा दिला. चौथ्या दिवशी पोहेही दिले. त्यावरून हेमाबाईंकडे कॉफी होत नाही, हे निर्विवाद सिद्ध झालं.

दरम्यान मी कर्वे रस्त्यावरच्या दुकानात नाव नोंदवून आलो होतो. शनिवारी चार वाजता पायल नावाची मुलगी घरी मशीन दाखवायला आली. मशीन काळं, चकचकीत, आमच्या मिक्सरच्या शेजारी ठेवल्यावर लग्नाला सूट घालून आलेल्या पाहुण्यासारखं दिसायला लागलं.

"सर, इथे बीन्स, इथे वॉटर, हा मिल्कचा पाइप. मॅडम कशी कॉफी घेतात? स्ट्राँग? किती क्वांटिटी?"

मी नीरजाकडे पाहिलं. ती खुर्चीत पाय लांब करून बसली होती आणि तात्यारावांकडे बघत होती, कारण तात्याराव डोळे मिटून उभे होते.

"सापडलं," ते म्हणाले. "जायफळ! बाळ जायफळ किसतात तेव्हा त्यांचा हात थरथरतो. प्रमाण चुकतं. मशीनचा हात थरथरत नाही." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी खिशातून एक अख्खं जायफळ काढून बियांच्या डब्यात टाकलं आणि बटण दाबलं.

कात्रजचा घाट चढणाऱ्या जुन्या एस.टी.सारखा आवाज आला. मग एस.टी. बंद पडली.

"अंकल!" पायल ओरडली.

"जायफळ निकृष्ट आहे," तात्याराव म्हणाले.

पायलने मशीन उलटं करून, चिमट्याने जायफळ बाहेर काढलं. मशीनला काही झालं नव्हतं, जायफळालाही नाही. मग तिने बिया पुन्हा घातल्या, दूध जोडलं आणि आमचा मोठा मग भरून कॉफी दिली. वर फेस होता. मी तो मग नीरजापुढे ठेवला. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे राहिलो, निकालाच्या दिवशी पालक उभे राहतात तसे.

"छान झालीय," नीरजा म्हणाली. आणि अर्धा मग खाली ठेवला.

तेवढ्यात भांडी घासायला आलेल्या गोदाबाई मग उचलायला आल्या. माहेर लोणी काळभोरचं. बावीस वर्षं आमच्याकडे आहेत.

"एवढ्या मोठ्या मगात कशापाय दिली?" त्या म्हणाल्या. "बाईंना अर्धाच कप लागतो की. पहिल्यापासनं. आधी सायबांचा मग भरायचा, पातेल्यात उरंल ती बाईंची. मी घासते ना भांडी, मला ठाव हाय."

मी मगात डोकावून पाहिलं.

"हे मी म्हणणारच होतो," तात्याराव म्हणाले.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी नीरजाला विचारलं.

"तुम्ही इतक्या मायेनं काठोकाठ भरून आणता. नको कसं म्हणू?"

"पण एक्केचाळीस वर्षं अर्धाच कप घेत होतीस?"

"समोरच घेत होते. तुम्ही पुस्तकातून वर कधी बघितलंत?"

मी पायलला हळूच विचारलं, अर्धा कप कोणतं मशीन देतं?

"सगळीच देतात, सर. सेटिंग असतं."

"म्हणजे कोणतंही चालेल," मी म्हणालो आणि पुन्हा घाबरलो. "मग निवडायचं कसं?"

"ही दुधाची नळी रोज कोण धुणार?" गोदाबाईंनी विचारलं. "मी नाय."

आम्ही बिननळीचं घेतलं. तात्याराव त्याला आपला अंतिम निष्कर्ष म्हणतात.

मशीन बसलं त्या दिवशी चार वाजता मी पुस्तक आत ठेवलं. बटण दाबलं, गरम दूध घातलं, जायफळ हातानेच किसलं. तिला तिचा अर्धा कप दिला.

"माझ्या कपात भर घाला," ती म्हणाली. "आज पूर्ण घेऊन बघते."

मी भरला. समोर बसून बघत राहिलो. ती सावकाश प्यायली, बरोबर अर्ध्यावर थांबली आणि कप माझ्याकडे सरकवला.

"घ्या. उरलेली तुमची."

मी प्यायलो. थोडी गार झाली होती. पण छान होती.