ओहोळकाकांचं देणं

आमच्या परळच्या चाळीत शांतवन ओहोळ यांच्याकडे काही उसनं मागायचं तर लोक दहादा विचार करतात. कारण काका मागितल्यापेक्षा चांगली वस्तू देतात आणि मग काही केल्या ती परत घेत नाहीत.

ऐन दिवाळीच्या फराळात आमचा मिक्सर जळाला. मी शेजारी गेलो. काकांकडे दोन मिक्सर. एक जुना, झाकण हाताने दाबून धरावं लागणारा. दुसरा लेकीने पुण्याहून पाठवलेला, खोक्यातून बाहेरही न काढलेला. काकांनी खोका माझ्या हातात ठेवला.

"अहो काका, जुना द्या. दोन दिवसांचं तर काम आहे."

"जुना देणं म्हणजे केर काढणं, बाळ्या." मी पन्नाशीचा आहे, पण त्यांना बाळ्याच. "देताना टोचलं पाहिजे. प्रभूने आपल्याला काय जुनंपानं दिलं होतं?"

यावर माझ्यासारख्या गणपतीवाल्याने काय बोलावं? खोका घेऊन आलो. आईने कपाळाला हात लावला. "तरी तुका सांगलंय, तेंच्याकडे काय मागू नको. नवीन देतले!"

बरं, काका गुपचूप देणाऱ्यांतले नाहीत. दिल्यावर आठवडाभर मोठ्याने हळहळतात. एकदा मे महिन्यात समोरच्या बाळंतिणीला घरातला एकुलता एक पंखा काढून दिला आणि स्वतः गॅलरीत पुठ्ठ्याने वारा घेत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "काय पंखा होता! आवाज नाही, काही नाही. टोचतंय हो!" चेहऱ्यावर मात्र पोटभर जेवल्याचं समाधान.

हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. म्हणतात, "जन्मभर माणसांच्या आत बघितलं, बाळ्या. कुणाच्या आत कपाट दिसलं नाही."

घरात ते एकटेच. मार्थाकाकू जाऊन एकोणीस वर्षं झाली.

आमच्या समोर गिरणीच्या जागेवर टॉवर झालाय. तिथला वॉचमन मार्कुस झारखंडचा. मराठी कळो न कळो, दर रविवारी काकांबरोबर चर्चला जायचा. गेल्या पावसाळ्यात त्याची बायको एलिसबा काविळीने गेली. मागे चार वर्षांची मुलगी. दफनभूमीत जागा मिळत होती, पण सार्वजनिक. मुंबईत मेलेल्या माणसालाही कायमचं घर मिळणं कठीण. काही वर्षांनी तीच कबर उकरून दुसऱ्याला देतात. हे कळल्यावर मार्कुस आमच्या जिन्यात बसून रडला.

"बेटी बडी होगी, पूछेगी माँ कहाँ है. मैं क्या दिखाऊँगा, चाचा?"

काकांनी पायात चपला सरकवल्या. त्याला आणि मला म्हणाले, "चला."

शिवडीला मार्थाकाकूंची कबर काकांनी कायमची घेतलेली होती. तिच्यात आणखी एकाच माणसाची जागा. दगडावर काकूंच्या नावाखाली रिकामा भाग सोडलेला. कुणासाठी, ते सांगायला नको.

ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. "घरच्याच माणसाला देता येते. मयताशी नातं?"

"बहीण," काका म्हणाले.

"आडनाव तर वेगळंय."

"मग? लग्न झालंय तिचं."

कारकुनाने चष्म्यावरून मार्कुसकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि मुकाट्याने 'बहीण' लिहिलं.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. सगळ्या गॅलरीने ऐकला.

"पप्पा, ती तुमची जागा होती!"

"म्हणून तर देता आली. दुसऱ्याची कशी देणार?"

"मम्मीला काय वाटेल?"

"विचारलं मी तिला. नाही म्हणाली नाही."

पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. काकांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात ते कुणाजवळ हळहळले नाहीत. कुणी विषय काढलाच, तर गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत निघून जायचे.

महिन्याभराने एका रविवारी मी त्यांच्याबरोबर शिवडीला गेलो. दगडावर आता दोन नावं होती. मार्कुसची मुलगी कडेला बसून केळं खात होती. काकांनी शेवंतीची फुलं आणली होती. अर्धी वरच्या नावाशी ठेवली, अर्धी खालच्या.

मला राहवलं नाही. "काका, पंखा दिलात, मिक्सर दिलात, समजलं. पण ही जागा का दिलीत?"

ते खाली वाकले. वाळलेली पानं वेचत राहिले.

"मार्थाला एकटीला झोप लागायची नाही," शेवटी म्हणाले. "माझी रात्रपाळी असली की तुझ्या आईला सोबतीला बोलवायची. इथे एकोणीस वर्षं एकटी पडून होती. मी दर रविवारी सांगायचो, थांब, येतोच. आणि माझा डॉक्टर म्हणतो, तुम्ही ठणठणीत आहात." ते कसंनुसं हसले. "किती दिवस थांबवायचं तिला? आता सोबत मिळाली."

"आणि तुम्ही?"

"माझं काय रे," काका म्हणाले, "मला कुठेही झोप लागते." आणि चष्मा काढून, पुसायला सदऱ्याचं टोक चाचपू लागले.