मागच्या गेटची जनसुनावणी

लोकांशी कसं बोलावं हे मला कुणी शिकवू नये, कारण मीच ते शिकवतो! आमच्या विद्यापीठात सार्वजनिक धोरणाचा विभाग आहे. सरकारने निर्णय कसे घ्यावेत ते आम्ही तिथे शिकवतो. सरकार ऐकत नाही, ते सोडा. तर माझी नोकरी कंत्राटी, महिनाअखेर संपणारी. विभागप्रमुख बाईंवर छाप पाडावी म्हणून मी वर्गात खोटी जनसुनावणी ठेवली. अधिकारी आणि नागरिक विद्यार्थीच, अध्यक्ष मी. विषय काय, तर विद्यापीठाचं मागचं गेट बंद करणे. खरं वाटावं म्हणून गेटवर शिक्का मारून नोटीससुद्धा लावली. तिथेच माती खाल्ली.

त्या गेटमधून अर्धी वस्ती ये-जा करते, हे मी साफ विसरलो होतो. सुनावणीला शिंपी आला, सायकलवाला आला, सकाळी फिरायला जाणारे सगळे आजोबा आले आणि त्यांच्या पुढे, कंबर कसून, माझी आई!

"हे ज्याच्या डोक्यातून निघालं ना," तिने दारातूनच तोफ डागली, "त्याच्या आईने त्याला काय शिकवलं, ते मला एकदा विचारायचंय."

मग तिची नजर अध्यक्षाच्या खुर्चीकडे गेली.

"तू होय!"

विद्यार्थ्यांना वाटलं, सरांनी नट आणलेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं खोटं आहे, कसलाही निर्णय झालेला नाही, असं मी हात जोडून सांगितलं. त्यावर शिंपी शांतपणे म्हणाला, "सगळे साहेब असंच म्हणतात." पाहता पाहता तिथे गेट बचाव समिती निघाली आणि आई बिनविरोध अध्यक्ष झाली. मागच्या बाकावर विभागप्रमुख बाई काहीतरी लिहून घेत होत्या.

नंतर त्यांनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "गेट बंद करायचं विद्यापीठाच्या खरंच मनात आहे. लोकांसमोर जायला कुणी धजत नव्हतं. आता तुम्ही आहात. हा वाद मिटेपर्यंत तुमची नोकरी पक्की."

वाद मिटेपर्यंत! अहो, ज्या वादाची अध्यक्ष आमची आई, तो मिटतोय कसला? वरच्या मजल्याच्या गळक्या नळावरून तिचं सुरू असलेलं भांडण माझ्या लग्नाआधीचं आहे. मी मनातल्या मनात निवृत्तीचा निरोप समारंभसुद्धा उरकला आणि शीळ घालत घरी गेलो.

आई जेवायला वाढून वाटच बघत होती.

"सगळ्यांच्या घरी जाऊन आले," ती म्हणाली. "विरोध मागे घेतलाय आम्ही. बाईंना तसा निरोपही धाडला. पुढच्या गेटने वळसा घालू, तेवढंच चालणं होईल."

"अगं, पण का?"

"का काय? त्या बाई लिहून घेत होत्या, ते दिसलं मला. गेट गेलं खड्ड्यात. मी माझ्या लेकाच्या पोटावर पाय देऊ होय?"

ती अगदी खुशीत होती, दोनदा आग्रह करून वाढलं तिने. आता महिनाअखेरपर्यंत तरी तिला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय. कुठे भेटलीच, तर तुम्हीही बोलू नका.