गायधनीकाकांचा माइटर गेज

आमच्या खालच्या मजल्यावरचे गायधनीकाका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, गुण्या ठेवतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुतारांचं ते लोखंडी अवजार. त्याचं एक टोक खिशातून वर आलेलं असतं. सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजी कथा सांगायला बसले, तेव्हा काकांनी चौरंगाच्या कोपऱ्याला गुण्या लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, देव वाकडा बसलाय." गुरुजींनी निमूटपणे चौरंग फिरवून ठेवला. काकांनी दुसऱ्या कोपऱ्याला गुण्या लावला आणि मान हलवली. "तरी फट राहते."

'फट राहते' हे काकांचं पालुपद. दरवाजात, लाइटबिलात, पुढाऱ्यांच्या भाषणात, सगळीकडे त्यांना ती दिसते. आमच्या हॉलमध्ये माझा आणि बायकोचा लग्नातला फोटो आहे. त्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले होते, "सर, इथंबी फट राहिलीय." बायको अजून ते विसरलेली नाही.

नाशिक रोडला 'प्रेसमध्ये होतो' एवढं म्हटलं की नोटा छापायच्या कारखान्यात हे कळतं, पुढचं कुणी विचारत नाही. काका तिथं कटिंगला होते. कागद कापण्यात जन्म गेला आणि केसाएवढी चूक म्हणजे चूकच, हे हाडात मुरलं. रिटायर झाल्यावर माणसं गुडघ्यांविषयी बोलायला लागतात, काका काटकोनाविषयी बोलत राहिले. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून ते मला 'सर' म्हणतात. पण मला मापांमधलं काही कळत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काकूंचं माहेर चांदवडचं, आवाज कांद्याच्या लिलावात शोभेल असा. आमच्या गेटवरचा भाजीवाला त्यांना बघून वजनकाटा पुसून घ्यायचा. ती बाई खिडकीखालच्या पलंगावर नुसती पडून राहिली. खिडकीमागे नाला आहे. संध्याकाळ झाली की डास आत येतात, आणि काकूंना हात उचलून ते हाकलता येत नव्हते. कपाळावर डास बसला की त्या फक्त डोळे वर करून त्याच्याकडे बघत राहायच्या. मी हे एकदा पाहिलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काकांनी सगळे उपाय केले. डासांच्या अगरबत्तीने काकूंना खोकला लागला. मच्छरदाणी लावली तर त्या घुसमटून रडायला लागल्या. बाजारातली चिकटवायची जाळी आणली, ती आठवड्यात भिंतीच्या पोपड्यांसकट खाली आली. मग काकांनी जाहीर केलं, "लाकडी चौकटीची जाळी मी स्वतः करणार." आणि त्यांनी एक पोर्टेबल टेबल सॉ विकत आणला. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येतो असा. तो आम्ही दोघांनी उचलून पार्किंगमध्ये नेला आणि तेव्हापासून माझी कंबर पूर्वीसारखी राहिलेली नाही.

हे यंत्र साधं असतं. सपाट टेबलातून गोल करवत वर आलेली असते आणि तिच्या बाजूला एक लांब खाच असते. त्या खाचेत पुढेमागे सरकणारा, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखा दिसणारा एक भाग असतो, तो माइटर गेज. त्यावर हवा तो कोन लावायचा, लाकूड टेकवायचं आणि करवतीकडे ढकलायचं. चौकटीच्या पट्ट्यांची टोकं पंचेचाळीस अंशांत कापावी लागतात. गेज हलला की कोन चुकतो, कोन चुकला की कोपऱ्यात फट, आणि फट म्हणजे डास. यंत्राबरोबर आलेला गेज खाचेत हलत होता. "खुळखुळा दिलाय हो हा," काका म्हणाले. तेव्हा वेगळा, चांगल्यातला गेज घ्यायचा असं ठरलं. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं चाललं होतं.

पहिला गेज ऑनलाइन आला. त्याची खालची, सरकायची पट्टी मोठ्या यंत्रांच्या मापाची होती, ती खाचेत शिरेचना. दुसरा शिरला, पण खुळखुळला. तिसऱ्याचा काटा एवढा जाड, की पंचेचाळीसही त्याच्याखाली आणि शेहेचाळीसही त्याच्याखाली. चौथ्यात काही खोट नव्हती, तर काका म्हणाले, "याची मूठ धरली की परक्या माणसाशी हात मिळवल्यासारखं वाटतं." तोही परत गेला. सातपूरचा एक वर्कशॉपवाला हवा तसा करून द्यायला तयार झाला. काकांनी आधी त्याच्याच टेबलाला गुण्या लावला, मग त्याने चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी खरेदीच्या अ‍ॅपने काकांचं खातंच बंद केलं. मग ते माझ्या फोनवरून मागवू लागले. थोड्याच दिवसांत 'आपण वारंवार वस्तू परत करत आहात' असा मेसेज मला आला. सगळ्या नोकरीत मला कुणी मेमो दिला नव्हता, तो माझ्याच फोनने दिला.

उन्हाळा संपत आला, डास वाढले. काका संध्याकाळी काकूंच्या उशाशी स्टुलावर बसायचे, हातात ती डास मारायची रॅकेट. मी म्हणालो, "काका, अ‍ॅल्युमिनिअमवाल्याला बोलवा. अर्ध्या दिवसात सरकती जाळी बसवून देईल."

"फट राहते," काका म्हणाले.

बायको मला म्हणाली, "त्यांना जाळी करायचीच नाहीये." मला तर त्यांचा राग यायला लागला होता. आजारी बाईला डास फोडून काढतायत आणि हा माणूस पंचेचाळीस अंश शोधत बसलाय! म्हणून मी स्वतःच एक गेज शोधला, खाचेचं माप घेऊन, नीट चौकशी करून. त्याच्या पट्टीला बारीक स्क्रू होते, ते पिळले की पट्टी खाचेत घट्ट बसायची. काकांनी दोन तुकडे कापले, जोडून गुण्यात धरले आणि उजेडाकडे नेले. कोपऱ्यातून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. काकांचा चेहरा पडला.

"बरा हाय," ते म्हणाले. "हिला दाखवून घेतो."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. स्टुलावर बसून त्यांनी तो गेज काकूंच्या डोळ्यांसमोर धरला आणि दुकानदारासारखा फिरवून दाखवायला लागले. "हे बघ. लाल रंगाचा हाय. सर म्हणतात चांगला हाय. जरा महाग पडतो, पण घेऊन टाकतो मी. काय?"

काकूंनी गेजकडे पाहिलं, मग काकांकडे. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ एका बाजूला ओढले गेले, गळ्यात काहीतरी हललं, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "नको."

काकांचा चेहरा इतका उजळला, की मला तो बघवेना. "नको? बरं, नको तर नको. परत करू."

पार्किंगमध्ये खोक्याला टेप लावता लावता ते बोलले. "हिला बोलायचं शिकवायला एक बाई येत होत्या, सर. आंबा म्हणा, गाय म्हणा. हिच्या तोंडून आवाज नाय. मुलगी सुरतेहून आली, गळ्यात पडून रडली, तरी नाय. पहिला गेज आला तेव्हा मी सहज हिच्यापुढं धरला, म्हटलं, घेऊ का हा? तर म्हणाली, नको."

"मग साड्या वगैरे दाखवून बघायच्या," मी म्हणालो.

"दाखवल्या ना. बघत पण नाय. जन्मभर मी दुकानात कशाला हात लावला की ही नको म्हणायची. माझा रुमालसुद्धा हिनंच निवडलेला. मी कायतरी उगाच घ्यायला निघालोय असं वाटलं, की मगच बोलते."

"आणि जाळी?"

"गेज घेतला, तर मग विचारू काय हिला?" काका म्हणाले. "डासांचं मी बघतो. मी हाय की तिथं बसलेलो."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यावर रागावलो होतो याची लाजही वाटली. त्या दिवसापासून मीच त्यांना गेज शोधून द्यायला लागलो, ज्यांच्याखाली लोकांनी सगळ्यात जास्त शिव्या लिहिलेल्या असत तेवढेच. एकदा काका जिन्यात थांबवून म्हणाले, "सर, परवाचा जरा बरा निघाला. नको म्हणायला तिनं लय वेळ घेतला. अजून वाईट बघा."

श्रावणात काकूंना दुसरा झटका आला. त्या दवाखान्यात असतानाच आधी मागवलेला एक गेज माझ्याकडे येऊन पडला. मूठ सैल, आकडे पुसट, पट्टी खाचेत टांगल्यासारखी. तो मी मुद्दाम निवडला होता. काकूंना घरी आणल्यावर मी तो खाली नेऊन दिला.

काकांनी तो काकूंसमोर धरला. "घेऊ का हा?"

काकू पंख्याकडे बघत होत्या.

"बघ कसा खुळखुळतोय. आकडे पण दिसत नाय. लय महाग हाय. दोन घेऊन ठेवतो, एक असू दे जादा. काय?"

एक डास काकूंच्या भुवईवर बसला. पूर्वी त्या डोळे तरी वर करायच्या. आता तेही केलं नाही. काकांनी तो बोटाने हळूच उडवला आणि गेज तसाच धरून बसून राहिले. त्यांचा हात दुखायला लागला असणार. मला तिथून उठावंसं वाटत होतं, पण उठता येईना.

"हा ठेवून घेऊ, सर," शेवटी ते म्हणाले. "ही 'नको' म्हणाली नाय."

जाळी त्यांनी त्याच गेजवर केली. पट्टीच्या बाजूंना कागदाचे तुकडे चिकटवले, तेवढ्याने खुळखुळ गेली. ही युक्ती त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बघायला गेलो, तर चौकट खिडकीत बसलेली होती. चारही कोपरे मिटलेले, खोलीत एक डास नाही. रॅकेट कपाटावर ठेवून दिली होती. काका स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर, आणि काकू वर बघत होत्या.

"छान झालीय," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. मागे वळून पलंगाकडे पाहिलं आणि काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"सर, तुमच्या फोनवर दुसरं काय मिळतंय का बघा ना. काहीही चालेल. हिला अजिबात पटणार नाय असं."