मेलबर्न चढावर आहे

आमचे शेजारी बालाजीमामा कोणत्याही गावाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. लातूर किती लांब, असं विचारा. "चढ हाय," एवढंच उत्तर येतं. "येताना मजेत येशील."

नांदेडात आमच्या गल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सारं जग त्यांनी पायडलवरून मोजलंय. कोणाच्या घरात भांडण असलं तरी म्हणतात, "सध्या चढ लागून राहिला त्यायला."

हदगावजवळच्या खेड्यातून मी शिकायला आलो, तेव्हा कॉलेजला जायला सायकल मामांनीच दिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकाल सांगायला गेलो तर म्हणाले, "आता उतार लागंल. ब्रेक तेवढा बघून ठेव." आज मी शाळेत भूगोल शिकवतो. उतार अजून लागायचाय.

त्यांची मुलगी सुनीता मेलबर्नला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. मामांना दम्यामुळे विमान बंद, म्हणजे शांतामामींनी एकटीनंच जायचं. मामी अडून बसल्या.

"यांना दम लागला तर मी तिकडून कवा येऊ?"

जावयानं मोबाइलवर तिकिटं पाठवली. मामांनी चष्मा लावून पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली.

"हे बघ. दिल्लीहून जायला सतरा तास, यायला आठच. मेलबर्न चढावर हाय. काही झालं तर उतारानं येशील की."

मामींनी बॅग भरायला घेतली.

मला राहवेना. दुकानात जाऊन मामांना समजावलं. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते, मेलबर्नचं घड्याळ आपल्या पुढं असतं, विमानाला जाता-येता सारखेच बारा-तेरा तास लागतात.

मामा वाकडं झालेलं चाक फिरवून त्याचा आऊट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "हाव. सुनीतानं सांगितलं मला कवाच."

"मग मामींना?"

"तिला कशाला भूगोल शिकवून राहिलास, गुरुजी? पोरीपाशी आई पाहिजे का न्हाई?"

संध्याकाळी मामींनीच मला हाक मारली. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या लुगड्याची दुपटी असं सगळं कोंबलेलं. मामा बॅगेवर गुडघा देऊन चेन लावत होते.

"सर, तुम्ही शिकलेले. यांचं बोलणं मी कधी खरं धरत न्हाई. येताना खरंच उतार हाय का?"

मामांचा हात थांबला.

"आहे, मामी," मी म्हणालो. "चांगला उतार आहे."

मामींनी पदर खोचला. "मग जाते. यांच्या जेवणाचं तेवढं बघा. एकटे असले की नुसता चहा पिऊन झोपतात."

"मला काय धाड भरली?" मामा म्हणाले. "तू नीट राहा तिकडं. लेकरू मान धरंस्तोवर येऊ नको."

चेन केव्हाच लागली होती. तरी मामा ती पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.