अस्सल रेडियम

लढाईतलं कुठलंही घड्याळ इलाहीभाईंच्या हातात द्यावं, ते त्याची सात पिढ्यांची कुंडली मांडून देणार! असं ते स्वतःच सांगत. तळेगाव ढमढेऱ्यात हे ऐकून घ्यायला आता कोणी थांबत नसे, हा भाग वेगळा. सणसवाडीच्या कंपनीतून रिटायर झालेला फिटर दुसऱ्या महायुद्धातली बंद घड्याळं गोळा करतो, पाठीवरचे शिक्के भिंगातून वाचतो आणि ती कुठल्या पलटणीत होती म्हणून दिल्लीपासून लंडनपर्यंत ईमेल धाडतो, हे गावाला काही केल्या पटत नव्हतं. घरालाही नाही.

"त्यातलं चालतं तरी का एखादं?" त्यांच्या पत्नी नजमुन्निसाभाभी विचारत.

"चालायला ते काय बैल हाय? इतिहास हाय तो!"

"मग तो इतिहास कपाटातनं काढा. माझ्या भांड्यांना जागा न्हाई."

अशात राहू गावच्या म्हस्कूआबांनी आपल्या वडिलांचं घड्याळ त्यांच्याकडं दिलं. डायल चहात बुडवून काढल्यासारखी पिवळी, काटे काळेठिक्कर आणि मागं ऐंशी वर्षांचा मळ. त्या मळाखाली एक बाण पुसट दिसत होता.

"हा फौजेचा शिक्का!" इलाहीभाईंनी भिंग डोळ्याला लावलं. "खाली नंबर असणार. आबा, तुमचे वडील कुठल्या लढाईत होते ते मी काढतो बघा!"

"बघ बाबा," म्हणून आबा तंबाखू मळायला लागले.

झालं! सगळा उन्हाळा ईमेल लिहिण्यात गेला. लंडनहून उत्तर आलं, 'नंबर कळवा.' दिल्लीहून तेवढंही नाही. शेवटी पुण्यातले एक जाणकार साहेब रविवारी येऊन, स्वतः हत्यारं आणून मळ काढायला तयार झाले. फोनवर त्यांनी बजावलं, "तोवर कशालाही हात लावू नका. डायलवर अस्सल रेडियम आहे!" मग रविवारी या म्हणून आबांनाही निरोप गेला, आणि घरात दिवसातून दहादा ताकीद सुरू झाली, "हात लावू नका, अस्सल रेडियम हाय!"

इथंच घात झाला.

शनिवारी जावई अनिस शिरूरहून आला. अनिस म्हणजे मदतीला धावून येणारा माणूस. मागं एकदा नळ दुरुस्त करायला धावला, तर सगळ्या आळीचं पाणी बंद झालं होतं! इलाहीभाई पाहुण्यांसाठी मटण आणि भाजी आणायला गेले. परत येऊन बघतात तर टेबलावर घड्याळ लग्नाच्या मांडवासारखं झगमगतंय!

"अब्बा, सरप्राईज!" अनिस म्हणाला. "मम्मी म्हनल्या, तुम्हाला त्या रेडियमची लई काळजी लागलीय. बघितलं तर पार उडालेलं! हायवेला नंबरप्लेटवाला दोस्त हाय माझा. त्यानं जुनं सगळं थिनरनं पुसलं आन् नवीन मारलं. ते जिन्याला लावतात ना, अंधारात चमकणारं, त्याच्या पट्ट्या कापून!"

इलाहीभाईंनी पिशवी हळूच खाली ठेवली. "आन्... मागची बाजू?"

"लई घाण होती. बफ मारून दिला. फुकट!"

इलाहीभाईंनी घड्याळ उलटं केलं. पाठ ताटासारखी लख्ख! बाण नाही, नंबर नाही, काही नाही.

"चेहरा दिसतोय ना त्यात?" अनिसनं कौतुकानं विचारलं.

"दिसतोय. रडका."

ओरडावंसं फार वाटत होतं. पण ओरडायलाही अंगात बळ लागतं, आणि ते सगळं ईमेलांत खर्च झालं होतं. ते खुर्चीत बसले ते बसलेच.

रविवारी सकाळी त्यांनी साहेबांना फोटो पाठवून खरं काय ते कळवलं. साहेब शिक्रापूरपर्यंत आले होते. त्यांनी चौकातूनच गाडी वळवली आणि हात जोडल्याचं एक चित्र तेवढं पाठवलं.

साहेब वळले, पण आबांना कोण वळवणार! ते बायकोला, गिताबाईंना घेऊन जीपनं हजर. डोक्याला नवा फेटा, खांद्यावर घोंगडी.

"आबा, माफ करा," इलाहीभाई खाली बघत म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या घड्याळाचं वाटोळं झालं." आणि सगळी हकिकत सांगून त्यांनी घड्याळ पुढं केलं.

आबांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. मग एकाएकी डोक्यावरनं घोंगडी ओढून घेतली.

"अवो, ह्ये काय आता?" गिताबाई घाबरल्या.

घोंगडी हलली. जरा वेळानं आतून आवाज आला, "चमाकतंय!"

आबा बाहेर आले ते डोळे पुसतच. "मी येवढासा व्हतो तवा बाप आसाच घोंगडीत घ्यायचा आन् दावायचा. मागनं ते इझलं. आज पुन्यांदा दिसलं बघ."

"मी म्हनलं न्हवतं?" अनिस दारातूनच फुगला.

इलाहीभाईंचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. "त्ये ठीक हाय, आबा. पण तुमचे वडील कुठल्या लढाईत होते, ते आता कधीच कळायचं न्हाई."

"त्यात कळायचं काय? ब्रह्मदेशात व्हता. खेचरांच्या कंपनीत. खेचरांना येळंवर दाणा-चंदी घालाया सायबानं घड्याळ दिल्यालं. ह्याच्यावर बघून बापानं येक गोळी झाडली न्हाई, निस्ती चंदी घातली!"

इलाहीभाईंचा आ वासला तो मिटेना. "आबा! सगळा उन्हाळा गेला माझा! लंडनला इचारलं, दिल्लीला इचारलं! तुम्ही बोलला का न्हाई?"

भाभींनी चहा आणून ठेवला होता. आबांनी तो सावकाश बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"तू लंडनला इचारलंस," ते म्हणाले. "मला कवा इचारलंस?"