मोटरवरचा शनी

"हाताने फोकस करणं म्हणजे धावत्या रिक्षात सुईत दोरा ओवणं!" सुषमा शेलारने जेवता जेवता जाहीर केलं. "मी दुर्बिणीला मोटर बसवणार. बटण दाबायचं, फोटो घ्यायचा. काही हलणार नाही, काही चुकणार नाही!"

सुषमाच्या शब्दावर शंका घ्यायची खरवईतल्या त्यांच्या इमारतीत कुणाची टाप नव्हती. ती अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होती. केसाएवढा फरक निघाला तरी अख्खा लॉट परत पाठवायची. तिला येताना बघून सुपरवायझर आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासत. घरात नवरा नितीन चपात्या लाटायचा तेव्हा वाकडी झालेली चपाती तव्यावरून थेट तोंडात टाकायचा. पुरावा नको!

आता तिच्या ग्रह-तारे बघायच्या दुर्बिणीची अडचण अशी, की फोकसचं चाक बोटाने फिरवलं रे फिरवलं की सगळी नळी थरथरायची आणि कॅमेऱ्यात शनी लेझीम खेळायला लागायचा. म्हणून सुषमा उल्हासनगरला गेली आणि जुन्या प्रिंटरमधली छोटी मोटर घेऊन आली.

"मॅडम, ये दुरबीन में नहीं लगेगा," दुकानदार म्हणाला.

"लगेगा नहीं, मैं लगाऊंगी!" सुषमा म्हणाली.

आणि लावलीच! मालकांना विचारून तिने वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी कापली, भोकं पाडली, मोटर त्यावर कसली, चाकावर रबरी पट्टा चढवला. गॅलरीच्या कठड्यावर नळी टेकवून तिने समोरच्या नव्या टॉवरच्या जाहिरातीवर रोखली आणि बटण दाबलं. घुर्रर्र! धूसर अक्षरं, उलटी का होईना, स्पष्ट झाली. अगदी तळातलं बारीक 'अटी लागू'सुद्धा वाचता आलं!

"अहो, बघा!" ती नितीनला म्हणाली. "या दोन शब्दांसाठी लोकांना कोर्टात जावं लागतं. मी गॅलरीतून वाचले!"

सासूबाई राजाबाईंची छाती तर अशी फुगली, की त्या तडक जिन्याने खाली गेल्या आणि दारोदारी आमंत्रण देऊन आल्या. "शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे शनी आहे. नक्की या!" जसं काही हळदीकुंकू!

"आई, तो ग्रह आहे," सुषमा म्हणाली.

"ग्रहच ना! मी कुठं पाहुणा म्हणाले?"

शनिवारी दिवेलागणीनंतर गच्चीवर ही गर्दी! नितीनने घरातला टीव्ही वर आणून कॅमेऱ्याला जोडला होता. सतरंज्या पसरल्या होत्या. सुषमाला वाटलं, लोक विज्ञान बघायला आलेत. मग तिचं लक्ष हातांकडे गेलं. कुणाच्या हातात उडीद, कुणाच्या हातात रुईच्या पानांची माळ. पहिल्या मजल्यावरच्या वेणूमावशींनी तर तेलाची बाटलीच आणली होती.

"मावशी, हे कशाला?"

"अगं, शनिवारी शनीला बोलवायचं आणि तेल नाही घालायचं? साडेसाती तुला नसेल, आमच्या जावयाला आहे!"

सुषमाने आधी डोळ्यांनी बघत दुर्बीण शनीवर लावली, मग नळीच्या पुढच्या टोकाजवळ, डोळा लावायच्या जागी कॅमेरा बसवला. पडद्यावर एक फिकट ठिपका आला. ती बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात वेणूमावशी पुढे सरसावल्या आणि नळीच्या तोंडावर बाटली तिरकी करायला लागल्या!

"मावशी! आत आरसा आहे!"

सुषमाने झडप घालून बाटली धरली. आरसा वाचला. चार थेंब मात्र उडाले, ते नेमके मोटरच्या पट्ट्यावर. मावशींना मागे बसवणं, त्यांची समजूत काढणं, यात तिची पाठ दुर्बिणीकडे होती. तेवढ्यात मागून एकच गलका उठला.

"दिसला! कडं दिसलं!"

सुषमा वळली. पडदाभर मोठंच्या मोठं लालसर वर्तुळ, मधोमध काळंकुट्ट भोक!

"लाल आहे, म्हणजे कोपलाय," सोसायटीचे सेक्रेटरी हिरामणकाका चप्पल काढत म्हणाले.

"काका, थांबा! अजून फोकस झालेला नाही!"

ऐकतो कोण! उडीद उडाले. माळ टीव्हीला चढली. वेणूमावशींनी जावयाचं नाव, गाव, जन्मतारीख पडद्याला सांगून टाकली. नितीनने तर फोटो काढून स्टेटसला टाकला: 'आमच्या हिने टिपलेला शनी!' राजाबाई खुर्चीवर अशा बसल्या होत्या, जणू शनी त्यांनीच वाढवला, खाऊपिऊ घातला आणि नोकरीला लावला.

सुषमाचा जीव मात्र तीळतीळ तुटत होता. तिच्या हातून धूसर माल बाहेर पडला होता! ती बटण दाबत होती, मोटर घुरघुरत होती, पण तेलकट पट्टा जागच्या जागी घसरत होता. शेवटी तिने पदराने पट्टा खसाखसा पुसला आणि पुन्हा बटण दाबलं.

वर्तुळ लहान व्हायला लागलं.

"अगं, आटतोय तो!" वेणूमावशी किंचाळल्या. "थांबव! माझं अजून सांगून व्हायचंय!"

"मावशी, आता खरा शनी दिसेल. बघा तर!"

वर्तुळ वाटीएवढं झालं, रुपयाएवढं झालं आणि टचकन स्पष्ट चित्र आलं. समोरच्या टॉवरच्या क्रेनवरचा लाल दिवा. त्याच्या शेजारी टॉवरच्या कठड्यावर वाळत घातलेलं, उलटं दिसणारं एक बनियन!

सतरंज्यांवरच्या सगळ्या माना समोरच्या क्रेनकडे वळल्या.

सुषमाच्या डोक्यात प्रकाश पडला. मोटर आणि कॅमेरा, दोन्हींचं वजन नळीच्या पुढच्या टोकाला आलं होतं. ती तेलाशी झटापट करत असताना नळी झोपाळू माणसासारखी हळूहळू खाली झुकत क्रेनवर येऊन थांबली होती. फोकस नसल्याने दिवा फुगून कडं झाला होता आणि मधलं भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. दुसऱ्यांच्या कामात केस मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या मोटरचं वजनच मोजलं नव्हतं! कान तापले तिचे.

हिरामणकाकांनी जोडलेले हात हळूच खिशात घातले. कुणीतरी फिस्सकन हसलं. तशा राजाबाई ताडकन उठल्या.

"हसता काय! बनियनची भोकं मोजता येतायत इथून! आहे का कुणाच्या सुनेत ही धमक?"

कुणाच्याच सुनेत नव्हती. लोक माना डोलवत, सतरंज्या झटकत जेवायला खाली गेले. वेणूमावशींनी जाता जाता टीव्हीवरची माळ काढून घेतली.

सुषमा हटली नाही. गच्चीच्या दाराचं अवजड कुलूप तिने नळीच्या मागच्या टोकाला बांधलं. तोल साधला. पुन्हा शनी शोधला, बटण दाबलं. घुर्रर्र! आणि पडद्यावर तो आला. पिवळसर, शांत, भोवती सुईने काढल्यासारखं नाजूक कडं. नळी तसूभर हलली नाही. सुषमाचे डोळे भरून आले. हा लॉट पास!

"आई, या, बघा. हा खरा शनी. मोटरने फोकस केलेला!"

राजाबाईंनी चष्मा सारखा केला. पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. वाटाण्याएवढ्या त्या शनीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे गं," त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पण हा कुणाला दाखवू नकोस. मघाचा केवढा होता!"